नेटवर्कचा अनुशेष आणि ट्रॅव्हल्सची बस

मागच्या आठवड्यात पुन्हा एकदा नागपूरच्या बैद्यनाथ चौकात उभा होतो. रात्रीचे पावणेनऊ, हातात बबल रॅपमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क, वरून सेलोटेप, सेलोटेपवर मार्करने पुण्याचा मोबाइल नंबर, आणि खिशातल्या फोनवर फाइव्हजीचे सगळे दांडे फुल. बस लागायची होती म्हणून टाइमपास म्हणून स्पीड टेस्ट मारली तर डाउनलोड चारशेच्या वर. चारशे एमबीपीएस! आणि एवढं नेटवर्क खिशात घेऊन मी एका क्लीनरच्या हातात दीडशे रुपये ठेवून म्हणून राहिलो होतो की भाऊ जपून ने बाप्पा, यात एका पोरीचं लग्न आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी लग्नांचं शूटिंग करतो. फोटो, व्हिडिओ, आता रील्स पण, कारण आजकाल नवरीला अल्बमच्या आधी रील पाहिजे असते आणि तीही विदाईच्या आधी. दुकान प्रताप नगरात, घर सोनेगावात, एडिटर पुण्यात. पुण्यात काहून, तर तो आमचाच पोट्टा आहे, बायकोच्या नोकरीपायी तिकडे गेला, आणि त्याच्यासारखं कटिंग मला इथे कोणी करून देत नाही, म्हणून गेली सात-आठ वर्षं माझा सगळा माल नागपूरहून पुण्याला जातो.

आता हिशोब बघा. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन धरून एका घरचा डेटा झाला २४० जीबी. घरून फोनच्या हॉटस्पॉटवर अपलोड मिळतो १२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट (आणि आठ बिटांचा एक बाइट), तोही रात्री दोननंतर. म्हणजे अपलोडला साधारण ४४ तास, मधे एकदाही कनेक्शन न तुटता, जे आजवर झालेलं नाही. आणि ट्रॅव्हल्सची बस रात्री नऊला निघते ती सकाळी दहाला पुण्यात. १३ तासांत २४० जीबी, म्हणजे काढून बघा, ४१ एमबीपीएस. डिझेलवर चालणारं, शेगावच्या भाविकांना आणि इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांना घेऊन जाणारं, मधे ढाब्यावर अर्धा तास थांबणारं कनेक्शन, आणि ते माझ्या घरच्या हॉटस्पॉटच्या जवळजवळ साडेतीनपट फास्ट.

कोणी म्हणेल फायबर घे ना मग. घेतलंय ना दुकानात. ते चालतं तेव्हा चांगलं चालतं, पण आमच्या रोडवर वर्षातून तीन वेळा कोणी ना कोणी खोदते, एकदा पाण्यासाठी, एकदा गटारासाठी, एकदा दुसऱ्याच फायबरसाठी, आणि जेसीबीवाल्याला काय माहीत खाली कोणाचं लग्न चाललंय. लग्नसराईत चार दिवस बंद म्हणजे माझा जीव जातो. घरच्या गल्लीत तर फायबर अजून आलंच नाही, कारण शेवटच्या पोलवरून वायर ज्यांच्या कंपाउंडवरून जाते त्यांचं आणि केबलवाल्याचं पटत नाही. तक्रारीसाठी कंपन्यांची नावं मी कोणाचीच घेणार नाही, घरात तीन कंपन्यांची सिमं आहेत, नावं ठेवायची तर सगळ्यांनाच ठेवावी लागतील.

तर बस लागेपर्यंत त्या चौकात विचार करत होतो की हे नवीन 'जी' येतात तेव्हा नेमके कधी येतात? पेपरात एक तारीख असते आणि आपल्या घरी वेगळीच असते. मी मनातल्या मनात दोन कॅलेंडरं ठेवतो, एक सरकारी आणि एक माझं.

थ्रीजीचंच घ्या. जपानमध्ये १ ऑक्टोबर २००१ ला थ्रीजी सुरू झालं. २००१ मध्ये मी कॉलेजात होतो आणि आमच्या इकडे मोबाइलवर आलेला फोन उचलायचेही पैसे लागायचे, म्हणून लोक फोन वाजला की कट करून पीसीओवर धावायचे. आपल्या सरकारने थ्रीजीचं धोरण जाहीर केलं ऑगस्ट २००८ मध्ये, सरकारी कंपन्यांनी दिल्ली आणि चेन्नईपासून २००८-०९ च्या हिवाळ्यात सुरुवातही केली, पण खासगीवाल्यांसाठी स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव जानेवारी २००९ मध्ये होणार होणार म्हणता म्हणता एप्रिल २०१० उजाडलं. कधी बेस प्राइस किती ठेवायची यावर घोडं अडलं, कधी सैन्याकडचं स्पेक्ट्रम रिकामं व्हायचं होतं. आणि मग एकदाचा सुरू झाला तर ३४ दिवस, १८३ फेऱ्या! आमच्या कळमना मार्केटमधे संत्र्याचा लिलाव पाच मिनिटांत होतो हो. देशभराच्या एका ब्लॉकची किंमत ३५०० कोटीपासून सुरू झाली ती १६,७५० कोटींवर जाऊन थांबली, सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले, सगळे खूश, आणि कंपन्यांकडे टॉवर उभे करायला उरलं काय तर कर्ज.

पण मला त्यातला एक आकडा अजून टोचतो. लिलाव सर्कलप्रमाणे होता. मुंबई वेगळं सर्कल, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र अधिक गोवा मिळून दुसरं. एका मुंबईचा थ्रीजी ब्लॉक गेला ३,२४७ कोटींना. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद, अमरावती, गडचिरोलीचं जंगल, गोव्याचे बीच, सगळं मिळून गेलं १,२५८ कोटींना. म्हणजे आख्खा महाराष्ट्र नि गोवा एका पारड्यात टाकले तरी मुंबईचं पारडं अडीचपट जड. कंपनीवाल्याने पहिला टॉवर कुठे लावायचा हे त्याला मग सांगावं लागते का?

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, अनुशेष, म्हणजे विकासाची राहून गेलेली बाकी. विदर्भातल्या कुठल्याही घरात हा शब्द पोराला बाराखडीच्या आधी येतो. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, विजेच्या पंपांचा अनुशेष, जेवताना वरणभातासोबत आम्हाला हेच वाढलं जायचं. मी एकदा फोन हातात घेऊन गच्चीवर फिरत होतो, सिग्नल शोधत, तर बाबा खुर्चीवरून म्हणाले, "काय शोधून राहिला बे?" मी म्हटलं थ्रीजी. ते म्हणाले, "त्याचाही अनुशेष निघाला का?" तेव्हा हसलो होतो.

माझ्या कॅलेंडरात थ्रीजी आलं २०१२ मध्ये, आणि तेही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. तिथल्या मोदी नंबर तीन नावाच्या गल्लीत उभं राहिलं की फोनवर थ्रीजीचं एच दिसायचं, व्हरायटी चौक ओलांडून वर्धा रोडला लागलं की परत ई. ई म्हणजे एज, टूजीचंच नेट, ज्याच्यावर एक फोटो मेल करायला चहा पिऊन यावं लागायचं. आणि एक जीबीचा पॅक होता अडीचशे रुपयाचा, महिनाभर पुरवायचा. मी तर मोबाइल डेटा चालू करायचो, मेल बघायचो, बंद करायचो, जसं आमच्या आईने गिझर वापरला आयुष्यभर. मधल्या काळात ज्या कंपन्यांना आपल्या सर्कलमधे थ्रीजी मिळालं नव्हतं त्यांनी दुसऱ्यांशी रोमिंगचं जमवलं, सरकार म्हणालं हे चालणार नाही, कोर्टकचेऱ्या झाल्या, एप्रिल २०१४ मध्ये टीडीसॅट या दूरसंचार लवादाने चालेल म्हणून सांगितलं. तोवर लोक फोरजीची वाट बघायला लागले होते.

फोरजीची गंमत अजून वेगळी. स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये डिसेंबर २००९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे त्याचं स्पेक्ट्रम थ्रीजीच्या पाठोपाठच, जून २०१० मध्ये विकलं गेलं होतं. कोलकात्यात एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने सुरू केलं, त्याच वर्षी पुण्यातही. पण ज्या एका कंपनीने बाविसच्या बावीस सर्कल घेतले होते आणि जी लगेच रिलायन्सने विकत घेतली, तिची सेवा, म्हणजे जिओ, लोकांसाठी सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ ला. सहा वर्षं! त्याची कारणंही होती, त्या लायसन्सवर आधी फक्त डेटा देता येत होता, बोलणं नाही, बोलायची परवानगी २०१३ मध्ये वेगळे पैसे भरून आली, आणि फोरजीवर कॉल लागेल असे स्वस्त फोन बाजारात यायलाही वेळ लागला. स्पेक्ट्रम आहे पण फोन नाही, म्हणजे रस्ता झाला आणि गाड्याच नाहीत.

पण इथे मला एक कबूल करावं लागेल. थ्रीजी लिलावानंतर त्यामानाने लवकर आलं आणि मी ते फारसं वापरलंच नाही. फोरजी सहा वर्षं लेट आलं आणि आलं ते थेट घरात. सिमसाठी प्रताप नगर चौकातल्या दुकानासमोर आम्ही दोन तास रांगेत होतो, बायको म्हणाली, "अहो, फुकट आहे म्हणून इतका वेळ?" आणि आठ दिवसांनी तीच रात्री बाराला पूर्ण एचडीत सिरीयल बघून राहिली होती. अडीचशेला एक जीबी जिथे होतं तिथे रोज जीबी-जीबी वाहायला लागलं. माझ्या कॅलेंडरात फोरजीची तारीख आणि सरकारी तारीख पहिल्यांदाच जवळजवळ एक झाली. म्हणून कोणी नुसतं 'भारत मागे राहिला' म्हटलं की मला पूर्ण पटत नाही, मागे तर होतोच, पण ज्या दिवशी ते आमच्या खिशाला परवडलं तोच दिवस मी तरी मोजतो.

बीएसएनएलचं फोरजी हा वेगळाच चॅप्टर. २०१९ मध्ये केंद्राने पॅकेज दिलं, २०२० मध्ये टेंडर निघालं आणि रद्द झालं, मग ठरलं की यंत्रणा देशातच बनवलेली पाहिजे, सी-डॉट ही सरकारी संस्था आणि तेजस, टीसीएस या कंपन्या मिळून ती बनवत बसले, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून पंतप्रधानांनी ९७,५०० टॉवरचं उद्घाटन केलं. बाकीच्यांचं फाइव्हजी सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. लोक यावर खूप हसले. मी नाही हसलो, कारण मोबाइल नेटवर्कची आख्खी यंत्रणा स्वतः बनवणारे देश जगात बोटावर मोजण्याइतके आहेत, स्वीडन, फिनलंड, चीन, कोरिया, बस झालं. या उशिरातून हाती काहीतरी लागलं तरी. लिलावाच्या तारखा पुढे ढकलून कोणाच्या हाती काय लागलं ते सांगा बरं.

आता टॉवरवर येतो, कारण सगळा दोष वरच्यांवर टाकून मोकळं होता येत नाही.

कोरोना संपला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, मीटिंग झाली, हनुमान मंदिराच्या ओट्यावर. विषय नंबर एक, नेटवर्क येत नाही. सगळे एकमुखाने बोलले. देशमुख काका (नाव बदललंय, काका वाचतात) म्हणाले माझी पोरगी कॅनडात आहे, फोन लागत नाही, व्हिडिओ कॉलवर नुसतं तिचं कपाळ दिसते. पोट्टे म्हणाले गेम लॅग होतो. विषय नंबर दोन, कोपऱ्यावरच्या तीन मजली घरावर टॉवर लावायला कंपनीवाले आलेत, परवानगी द्यायची का? तर तेच सगळे एकमुखाने, नाही! काकू म्हणाल्या टॉवरने चिमण्या मेल्या. एक जण म्हणाला माझ्या मेव्हण्याच्या गावी टॉवर लागला आणि तिघांना कॅन्सर झाला. मी मधे तोंड घातलं, म्हटलं आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणलेली आहे, सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणीही मागवता येते, आणि खरं तर टॉवर लांब असला की आपला फोनच जोर लावतो, आणि तो आपण कानाला लावून बसतो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कंपनीचा एजंट आहे. "तुमच्या गच्चीवर लावा मग." मी आमच्या हिच्याकडे बघितलं. हिने डोळे वटारले. मी खाली बसलो.

टॉवर शेवटी पलीकडच्या लेआउटमध्ये लागला. त्यांना आता महिन्याचं भाडं मिळते आणि चिमण्या आहेत तेवढ्याच आहेत.

आणि टॉवर लागला म्हणजे झालं असंही नाही. टॉवरच्या पोटात फायबर पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात नॅशनल ब्रॉडबँड मिशन काढलं तेव्हा देशातले जेमतेम ३० टक्के टॉवर फायबरला जोडलेले होते, ते ७० टक्क्यांवर न्यायचं ठरलं. उरलेले टॉवर एकमेकांकडे ती गोल डबडी रोखून मायक्रोवेव्हवर डेटा ढकलतात. फोन आणि टॉवरमधे आठ पदरी रस्ता आणि टॉवरच्या मागे इतवारीची गल्ली, असा तो प्रकार. म्हणून फोनवर फाइव्हजी दिसते आणि यूट्यूब गोल गोल फिरते. आणि फायबर टाकायला रोड खोदावा लागतो, आणि नागपूरने तर सगळे रोड सिमेंटचे करून टाकले! डांबर खोदून बुजवता येते, सिमेंट खोदला की तो नवरदेवाच्या शेरवानीला रफू केल्यासारखा दिसतो. परवानगी कोण देईल, पैसे किती, हे गावोगावी वेगळं होतं, त्यासाठी २०१६ मध्ये राइट ऑफ वेचे नियम आले, २०२२ मध्ये विजेच्या खांबांवर छोटी यंत्रं लावायची सोय केली, परत नवीन नियम १ जानेवारी २०२५ पासून. नियमाला नियम येत गेले, आमच्या कंपाउंडवाल्या काकांपर्यंत एकही पोचला नाही.

बरं, आता फाइव्हजी.

२०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. दोन वर्षांच्या कोरोनानंतर दीक्षाभूमीवर पहिल्यांदा पूर्ण गर्दी झाली होती, मी शूटला गेलो होतो, आणि नेहमीप्रमाणे नेटवर्क पार बसलेलं, लक्ष्मीनगर चौकात येईस्तोवर एक मेसेज जात नव्हता. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, एवढ्या लाखो लोकांचे फोन एकाच वेळी काही टॉवरांना धरून बसले तर काय होणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी, एअरटेलच्या फाइव्हजीच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर! दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, सिलीगुडी, वाराणसी आणि आपलं नागपूर. १ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं तेव्हा जी तेरा शहरांची यादी फिरत होती तिच्यात आपलं नावही नव्हतं, पुणे होतं. आणि इथे एकदम पहिल्या आठात, पुण्याच्या आधी! मी पुण्याच्या एडिटरला मुद्दाम फोन करून सांगितलं. अनुशेष भरून निघाला बाबा, म्हटलं. बाबा ऐकायला नव्हते तेव्हा.

मग काढला फोन. फोनच्या डब्यावर ठळक लिहिलेलं, फाइव्हजी. बर्डीवर गेलो, झिरो माइलपाशी गेलो, सदरला गेलो, फोन ढिम्म फोरजी. मग कळलं की फोनमधे यंत्र आहे पण कंपनीने भारतासाठी सॉफ्टवेअर चालूच केलेलं नाही, अपडेट येईल. सरकारने फोन बनवणाऱ्यांना बोलावून विचारलं म्हणे, बाप्पा अपडेट कधी देता. आयफोनवाल्यांनाही डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. लिलाव ऑगस्टात संपला, दीड लाख कोटींची बोली झाली, टॉवर लागला, सिम तेच चालते, शहर यादीत, फोन फाइव्हजी, आणि अडलं कुठे तर एका सॉफ्टवेअरच्या बटणावर. माझ्या फोनला ते अपडेट आलं जानेवारीत, मकरसंक्रांतीला, आणि पहिल्यांदा फाइव्हजी दिसलं ते धरमपेठेत तिळगुळ घ्यायला गेलो तेव्हा. घरी? घरी नाही.

घरचं कोडं सुटायला अजून वेळ लागला, आणि ते सोडवलं माझ्या भाच्याने, जो इंजिनिअरिंगला आहे आणि अशा गोष्टी वाचत बसतो. २९ नोव्हेंबर २०२२ ला दूरसंचार खात्याने कंपन्यांना पत्र पाठवलं होतं. विमानात उंची मोजायचं एक रडार असते, रेडिओ अल्टिमीटर, ते चालते ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर. फाइव्हजीचा मुख्य बँड ३.३ ते ३.६७. अंतर आहे मधे, पण जुन्या अल्टिमीटरना त्याचा त्रास होऊ शकतो अशी शंका, अमेरिकेतही याच्यावरून त्याच वर्षाच्या सुरुवातीला मोठा राडा झाला होता. म्हणून रनवेच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या बँडचे टॉवर लावायचे नाहीत, आणि त्याच्या पुढच्या ५४० मीटरमधे पॉवर कमी ठेवायची. ज्या विमानतळांजवळ टॉवर लागले होते त्यांच्यात नागपूरचं नाव होतं.

भाच्याने मॅप उघडला, रनवेची मधली रेषा काढली, आमच्या गच्चीपर्यंत माप लावलं. हजार मीटरच्या थोडं वर. "मामा, तू नाही-लावायच्यात नाहीस. तू कमी-पॉवरमधे आहेस." आणि ज्या टॉवरकडून आम्हाला मिळायला पाहिजे तो बहुतेक नाही-लावायच्यात. तीस वर्षं विमानाच्या आवाजात राहिलो, इंडिगोचं सकाळचं विमान गेलं की दूधवाला येणार हे आमचं घड्याळ, आणि आता हे पण. राग कोणावर काढायचा? विमान नीट उतरायलाच पाहिजे. आमची ताईच दर दिवाळीला त्यातून येते.

पण या रनवेवरून एक गोष्ट मला बाबांनी सांगितली होती, ती आठवली. १९४९ च्या जानेवारीअखेर देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारी बाजूंनी टपालाच्या थैल्या घेऊन विमानं निघायची आणि मध्यरात्री सगळी जमायची आमच्या सोनेगावच्या विमानतळावर. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची, दिल्लीची मद्रासला, मुंबईची कलकत्त्याला, आणि पहाटेपर्यंत ज्याची चिठ्ठी त्याच्या गावी. भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो, "म्हणजे मामा, नागपूर राउटर होतं." हाव ना. ज्या रनवेने माझं फाइव्हजी अडवलं त्याच रनवेवर एकेकाळी आख्ख्या देशाचा डेटा स्विच होत होता, तोही रात्री बारा वाजता आणि न तुटता.

आता कोणी म्हणेल की बैद्यनाथ चौकात चारशे मिळते तर तिथूनच अपलोड कर. केलं ना ते पण! गाडीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो एकदा, डाउनलोड चारशे पण अपलोड बावीस. हा जो फाइव्हजीचा बँड आहे त्यात वर जाणं आणि खाली येणं एकाच रस्त्यावरून होते, आळीपाळीने, आणि वेळेचे बहुतेक तुकडे कंपन्या खाली येणाऱ्याला देतात, कारण जास्त लोक बघणारे आहेत, पाठवणारे कमी. वरून टॉवर दणकून पाठवू शकतो, आपला फोन त्यामानाने फारच कमी जोर लावतो. आणि जाहिरातीत तर डाउनलोडच लिहितात. माझ्यासारख्या माणसासाठी, आणि माझ्यासारखे खूप आहेत, क्लासवाले लेक्चर चढवतात, पॅथॉलॉजीवाले, एक्स-रेवाले, मिहानमधल्या कंपन्यांची घरून काम करणारी पोरं, आमच्यासाठी फाइव्हजी आलंय ते अर्धंच. २०२४ च्या जुलैत रेट वाढले तेव्हा 'अनलिमिटेड'सुद्धा महागाच्या प्लॅनलाच राहिलं, ते जाऊ द्या.

खरं सांगू का, माझं अपलोड सर्वात जास्त कशाने सुधारलं असेल तर समृद्धी महामार्गाने. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा उघडला. तोही उशिरानेच. पण उघडला आणि पुण्याच्या बसचे दोन-तीन तास वाचले, म्हणजे माझा स्पीड एका झटक्यात वीस टक्क्यांनी वाढला, ना अपडेट, ना नवीन सिम.

तर त्या रात्री बस सव्वानऊला लागली. क्लीनरने डिस्क ड्रायव्हरच्या मागच्या खणात ठेवली, मी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून एडिटरला पाठवला, तो मात्र फाइव्हजीवर झटकन गेला. घरी येऊन निवांत झोपलो. सकाळी सव्वादहाला त्याचा फोन, "दादा, डिस्क मिळाली." म्हटलं वा, टायमावर. "पण दादा, ती रुंद तोंडाची केबल कुठाय? माझ्याकडे सगळ्या टाइप-सी आहेत."

केबल आमच्या टीव्हीच्या स्टँडवर होती. आता आज रात्रीच्या बसने पाठवून राहिलो.